लिडोचा विमानतळ वेगळा, मार्को पोलो वेगळा

व्हेनिसला निघालेल्या ओळखीच्या लोकांचे मला दर उन्हाळ्यात फोन येतात आणि त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो. "हॉटेल लिडोवर घेतलंय, विमानतळ दीड किलोमीटरवर दाखवतोय. मग बोटीचे पैसे कशाला घालवायचे?" गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीने याच दीड किलोमीटरच्या भरवशावर सासू-सासऱ्यांसाठी रात्री उशिरा पोचणारं विमान निवडलं. विमान उतरलं ते मार्को पोलोवर, म्हणजे व्हेनिसच्या मोठ्या विमानतळावर. हॉटेल होतं पाण्यापलीकडे, लिडो बेटावर. सासूबाईंचे गुडघे दुखरे, दोन जड बॅगा आणि अनोळखी धक्क्यावर अंधारात बोट शोधायची. तेव्हापासून ही गल्लत एकदा नीट सोडवायची असं मी ठरवलं होतं.

मार्को पोलोवर फार शब्द खर्च करत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. तिकिटावर व्हीसीई असं छापलेलं असतं, तो हाच. व्हेनिसभोवतीच्या खाजणाच्या (उथळ खाऱ्या पाण्याच्या) काठी, मुख्य भूमीवर, तेस्सेरा गावाजवळ. धावपट्टी ३,३०० मीटर, वर्षाला एक कोटीहून जास्त प्रवासी. नकाशात व्हेनिसच्या वरच्या अंगाला दिसतो.

दुसरा त्याच्यापासून सरळ रेषेत जेमतेम नऊ किलोमीटरवर आहे. खाजण आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामध्ये लिडो नावाची वाळूची लांबच लांब पट्टी पसरली आहे. तिच्या उत्तर टोकाला, सान निकोलोच्या जुन्या चर्चजवळ, हा विमानतळ आहे. नाव जोव्हान्नी निचेल्ली. निचेल्ली हा पहिल्या महायुद्धातला इटालियन लढाऊ वैमानिक. शत्रूची आठ विमानं त्याच्या नावावर जमा आहेत. मे १९१८ मध्ये विमान कोसळून तो गेला. तो व्हेनिसचा नव्हता, पियाचेन्झा भागातला होता. धावपट्टी गवताची, लांबी साधारण एक किलोमीटर. नाव, आकार, जागा हे फरक एका ओळीत कळतात, त्यावर कुणी अडत नाही.

लोक अडतात ते पुढच्या प्रश्नावर: हा विमानतळ नेमका आहे तरी कसला? यावर तीन उत्तरं मी सतत वाचतो आणि तिन्ही चुकीची आहेत. एक, तो बंद पडला आहे. दोन, तो श्रीमंतांचा खासगी विमानतळ आहे. तीन, ती नुसती गवताची धावपट्टी आहे, तिला विमानतळ म्हणायचं तरी कशाला.

तो बंद नाही. रोज चालू आहे, फक्त तिथे तिकीट विकणारी एकही विमानकंपनी उतरत नाही. विमानतळ म्हटला की काउंटर, सरकता पट्टा, बोर्डिंग पास हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून ते नसलं की तो मेला असं आपण धरून चालतो. पण विमानाचं जग दोन भागांत चालतं. एक नियमित प्रवासी वाहतूक. दुसरं बाकीचं सगळं: फ्लाइंग क्लब, शिकाऊ वैमानिक, स्वतःचं दोन-चार आसनी विमान घेऊन रविवारी भटकणारे, हेलिकॉप्टर. या दुसऱ्या भागाला जनरल एव्हिएशन म्हणतात आणि निचेल्ली त्याचा आहे. जर्मनीतला किंवा ऑस्ट्रियातला एखादा हौशी वैमानिक आल्प्स ओलांडून सकाळी इथे उतरतो, उतरण्याचं आणि पार्किंगचं शुल्क भरतो, व्हेनिस बघतो आणि उजेड असेपर्यंत परत जातो. उजेड असेपर्यंतच, कारण इथलं उड्डाण डोळ्यांना दिसेल त्या आधारावर चालतं. धुकं दाटलं की काम थांबलं.

आता दुसरं उत्तर, खासगीचं. हीच गाठ सगळ्यात घट्ट आहे. खासगी विमानं उतरतात म्हणजे विमानतळ खासगी, हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. पण इटलीत कायदा वेगळ्या जागी रेघ मारतो. तिथे एकीकडे 'आएरोपोर्तो' आहे: जमीन सरकारच्या विमान-मालमत्तेतली, देखरेख एनाक या नागरी विमान प्राधिकरणाची, रोजचा कारभार एखाद्या कंपनीकडे सोपवलेला असू शकतो. दुसरीकडे 'आव्हिओसुपेर्फीचे' आहे: सरकारी मालमत्तेबाहेरची जागा, पुष्कळदा कुणाच्या तरी शेतातली पट्टी, जिची जबाबदारी तिथल्या व्यवस्थापकावर असते. अशा जागा वापरायला १९६८ सालच्या ५१८ क्रमांकाच्या कायद्याने वाट मोकळी केली आणि मग इटलीभर त्या उगवल्या. निचेल्ली पहिल्या प्रकारात बसतो. तो सरकारी, सार्वजनिक विमानतळ आहे. मार्को पोलो ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

म्हणून गवत बघून निवाडा करू नका. डांबरी धावपट्टी असलेल्या आव्हिओसुपेर्फीचे इटलीत आहेत, आणि गवताचा निचेल्ली आएरोपोर्तो आहे. पायाखाली काय आहे यावरून काहीच ठरत नाही. जागा कुणाची आणि जबाबदारी कुणाची, एवढंच विचारायचं. मराठीत या दोन्हींना आपण सरसकट 'छोटा विमानतळ' म्हणतो. माझं स्पष्ट मत असं की पहिल्याला विमानतळ म्हणावं आणि दुसऱ्याला उतरणपट्टी. एक कळकळीची विनंतीही आहे: निचेल्लीला 'हवाई तळ' लिहू नका. हवाई तळ हवाई दलाचा असतो.

गवताचा आणि लांबीचा परिणाम एकाच गोष्टीवर होतो, तो म्हणजे तिथे उतरू शकणारं विमान. लिडोवर १९३२ पासून चित्रपट महोत्सव भरतो. दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीला कुठेतरी वाचायला मिळतं की तारे-तारका आपल्या जेटमधून थेट लिडोच्या विमानतळावर उतरतात. किलोमीटरभर गवतावर ती जेट उतरत नाहीत. ती तेस्सेराला उतरतात आणि पाहुणे तिथून मोटरबोटीने येतात. लाकडी बोटीत उभं राहून हात हलवणारे जे फोटो छापून येतात, ते या प्रवासामुळेच.

इतिहासात ही गल्लत उलट्या दिशेने होते. १९६०च्या आधीची कुठलीही घटना 'व्हेनिस विमानतळावर' घडली असं वाचलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मार्को पोलो येतो. तेव्हा तो नव्हताच. सान निकोलोच्या मैदानावर पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं होती. १९२६ मध्ये ट्रान्सआद्रियातिका या कंपनीने रोम–व्हेनिस आणि मग व्हेनिस–व्हिएन्ना अशी सेवा सुरू केली, तीही इथूनच. विमान युंकर्स एफ-१३, पूर्ण धातूचं, आत चार प्रवासी. व्हेनिसहून तिकीट काढून उडालेले सुरुवातीचे कितीतरी लोक या गवतावरून उडाले. १४ जून १९३४ रोजी हिटलर मुसोलिनीला पहिल्यांदा भेटायला आला, तोही इथेच उतरला. मुसोलिनी गणवेशात, हिटलर साध्या रेनकोटात, असे त्या भेटीचे जे फोटो आहेत, त्यांच्याखाली मार्को पोलोचं नाव मी स्वतः वाचलंय. सरळ रेषांची, काचेचा भरपूर वापर केलेली टर्मिनलची इमारत त्याच दशकातली. मधली कितीतरी वर्षं तिची आबाळ झाली. २०००नंतर ती दुरुस्त केली गेली आणि आज ती वापरात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक उपगल्लत जाता जाता. ९ ऑगस्ट १९१८ रोजी इटालियन कवी दानुन्झिओ आणि त्याच्या साथीदारांनी व्हिएन्नावर पत्रकं टाकली, ती विमानं लिडोवरून उडाली नव्हती. ती पादुआजवळच्या सान पेलाजिओहून उडाली. दोन्ही नावांत 'सान' आहे, एवढंच साम्य.

मग लिडोलाच मोठं का केलं नाही? जेट आली, त्यांना लांब आणि पक्की धावपट्टी हवी. इथे लांबवायला जमीनच नाही, पट्टी संपते आणि पाणी लागतं. शिवाय लिडो बेट आहे. व्हेनिस शहर मुख्य भूमीला १९३३ मध्ये रस्त्याच्या पुलाने जोडलं गेलं, लिडो आजही जोडलेला नाही. तिथे मोटारी आणि बस आहेत, पण त्याही फेरीबोटीवर चढून येतात. रोज हजारो प्रवासी हाताळायचे तर विमानतळ तेस्सेरालाच जाणार होता. आपल्या नशिबाने गवताचं मैदान मात्र कुणी बांधकामाला दिलं नाही.

सकाळी लवकर गेलात तर कुंपणाजवळ थोडं थांबा. मी थांबलो तेव्हा एक बाई आपलं चार आसनी सेसना विमान एकट्याने ढकलत गवताच्या कडेला आणत होत्या. मग त्यांनी पंखाखाली वाकून टाकीतलं थोडं इंधन एका पारदर्शक पेल्यात काढलं, तो पेला उजेडाकडे धरला आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसतोय का ते बघितलं. दुसऱ्या पंखाखाली पुन्हा तेच. रात्री पाऊस झाला होता, म्हणून त्या धावपट्टीवर शंभरेक पावलं चालत गेल्या आणि बुटाच्या टाचेने जमीन दाबून आल्या. मोठ्या विमानतळावर हे काम काचेआड, आपल्या नकळत होतं. इथे ते हातभर अंतरावर दिसतं.

लिडोच्या मुख्य धक्क्यावरून, सांता मारिया एलिझाबेत्ताहून, खाजण डाव्या हाताला ठेवून चालत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत सान निकोलो येतं. वाटेत १३८६ मध्ये सुरू झालेली ज्यूंची दफनभूमी लागते, तीही चुकवू नका.

मावसबहीण यंदा पुन्हा जातेय, हॉटेल तेच. तिला सांगितलंय की दुपारी पोचणारं विमान घे, मार्को पोलोच्या धक्क्यावर आलिलागुनाची निळ्या मार्गाची बोट धर, मुरानोवरून ती लिडोला जाते. तासभर लागेल. आणि सासूबाईंना सकाळी विमानतळ बघायला घेऊन जा, तिथे बसायला चांगली जागा आहे.