82 टक्के दाखवूनही डाव हरला, म्हणजे सॉफ्टवेअर खोटं?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: पोकरची शक्यता काढणारं सॉफ्टवेअर पुढचं पान ओळखतं, त्याने 82 टक्के दाखवलेला डाव हरला, तर सॉफ्टवेअर खोटं किंवा पत्ते लावलेले.

असं वाटणं स्वाभाविक आहे. मोठा आकडा दिसला की आपण त्याला खात्री समजतो. पण सॉफ्टवेअर फक्त मोजणी करतं. टेक्सस होल्डेममध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं असलेल्या पोकरच्या प्रकारात, दोन एक्के विरुद्ध दोन राजे असतील, तर उरलेल्या 48 पानांतून टेबलावरची पाच पानं 17,12,304 प्रकारे येऊ शकतात. हे सगळे प्रकार तपासले, की एक्के सुमारे 82 टक्के वेळा जिंकतात. म्हणजे सरासरी पाच-सहा डावांत एकदा ते हरतात, आणि हे त्याच आकड्यात सांगितलेलं असतं.

कागदावर करून पाहा. हातात बदामची दोन पानं, टेबलावर आधी उघडलेल्या तिनांत आणखी दोन. न दिसलेली पानं 47, त्यांत बदामची 9. पुढच्या दोन पानांच्या जोड्या 1081 होतात. बदाम नसलेल्या 38×37÷2, म्हणजे 703. उरल्या 378, त्यांत निदान एक बदाम आहे. म्हणजे फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लागण्याची शक्यता 35 टक्के. सॉफ्टवेअरचा जिंकण्याचा आकडा थोडा वेगळा दिसेल, कारण फ्लशशिवायही डाव जिंकता येतो आणि फ्लश लागूनही हरता येतो.

पत्ते लावल्याची शंका एका डावावरून तपासता येत नाही. लक्षात राहिलेले नव्हे, तर सगळे डाव नोंदवा; असे शेकडो जमले की मगच टक्केवारी ताडून पाहा.