स्नायू आखडतो, पण त्यातले सर्वांत आतले तंतू आखडत नाहीत

कोपर वाकवलं की दंडाचा स्नायू आखूड आणि जाड होतो. हाताने चाचपूनही ते कळतं. याच दिसण्याने अभ्यासकांना जवळपास दोन हजार वर्षं चकवलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्ट्रॅटस या ग्रीक वैद्याने मांडलं, की स्नायूत एक चैतन्यवायू शिरतो, त्याने तो फुगतो, म्हणून रुंदीला वाढतो नि लांबीला कमी होतो. पुढे दुसऱ्या शतकात ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करणाऱ्या गेलेनने हालचालीचा हुकूम मज्जातंतूंमधून येतो हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, पण त्या तंतूंतून वाहतो तो वायूच, हे मात्र त्यानेही धरून ठेवलं. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची भिस्तही या फुगण्यावरच होती.

खरं तर या कल्पनेची परीक्षा करणं फार अवघड नव्हतं. फुगणाऱ्या वस्तूचं आकारमान वाढलंच पाहिजे. 1660च्या दशकात यान स्वामरडॅम या डच संशोधकाने बेडकाच्या मांडीचा स्नायू मज्जातंतूसकट सोडवून काचेच्या बंद नळीत ठेवला. नळीला वर अगदी बारीक तोंड होतं आणि त्यात पाण्याचा एक थेंब अडकवलेला. स्नायू फुगला असता तर थेंब वर ढकलला गेला असता. मज्जातंतू डिवचला, स्नायू आखडला, थेंब काही वर चढला नाही. इतका स्वच्छ प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. पण स्वामरडॅम 1680मध्ये वारला आणि त्याचं हे लेखन छापून यायला 1737-38 उजाडलं.

तोवर शवविच्छेदनामुळे रचना बरीच उलगडली होती. शरीररचनातज्ज्ञ वेसेलियसच्या 1543च्या ग्रंथात स्नायूंचे थर एकेक करून सोललेले दिसतात. आपल्या शरीरात सहाशेहून अधिक अस्थिस्नायू आहेत. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा साधारण 40 टक्के भाग त्यांचा, स्त्रियांत थोडा कमी. बहुतेक स्नायू कंडरांनी, म्हणजे चिवट दोरीसारख्या पट्ट्यांनी, हाडांना जोडलेले असतात. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून हात वाकवायला एक स्नायू लागतो आणि जोर लावून सरळ करायला दुसरा. आत पाहिलं तर जुडग्यात जुडगे: स्नायूत तंतूंचे गठ्ठे, प्रत्येक तंतू म्हणजे अनेक केंद्रकं असलेली एकच लांबलचक पेशी, आणि तिच्यात शेकडो बारीक सूक्ष्मतंतू.

याच तंतूंवर सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या लेव्हेनहूकला 1682 मध्ये आडवे पट्टे दिसले. 1840 मध्ये विल्यम बोमनने त्यांचं तपशीलवार वर्णन केलं. गडद पट्टा, फिकट पट्टा, पुन्हा गडद. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते आणि फिकट पट्टा अरुंद होतो, हेसुद्धा एकोणिसाव्या शतकातल्या काही निरीक्षकांनी टिपलं होतं. म्हणजे उत्तर जवळजवळ हाती आलं होतं. पण पुढच्या पिढीचं लक्ष रसायनशास्त्राकडे वळलं, आणि पट्टे मागे पडले.

रसायनाची वाटही सरळ नव्हती. 1907 मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी थकल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं हे पक्कं केलं आणि मग ते आम्लच आकुंचन घडवतं असा समज रूढ झाला. 1930 मध्ये लुंड्सगार्डने दाखवलं, की विष देऊन आम्ल बनणंच थांबवलं तरी स्नायू काही काळ आखडतो. ऊर्जेचं खरं नाणं होतं एटीपी हे रसायन. ते 1929 मध्ये जर्मनीत लोहमानला आणि हार्वर्डमध्ये फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना सापडलं होतं. 1939 मध्ये एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा यांना आढळलं, की मायोसिन हे स्नायूतलं प्रथिनच एटीपी फोडतं. मग ऐन महायुद्धात, हंगेरीतल्या सेगेडमध्ये, सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिन वेगळं काढलं. अ‍ॅक्टिन-मायोसिनचा धागा एटीपीच्या द्रावणात टाकला की तो आपोआप आखडायचा. जिवंत पेशी नाही, मज्जातंतू नाही, तरी हालचाल!

कोडं सुटलं 1954 मध्ये. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ दोन शोधनिबंध आले: एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणी लागत नव्हते. निष्कर्ष मात्र एकच: सूक्ष्मतंतूंच्याही आत असलेले मायोसिनचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू, कोणाचीही लांबी बदलत नाही, ते एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घुसवली की तळवे जवळ येतात, पण बोटं तेवढीच राहतात, तसं. सरकवण्याचं काम मायोसिनची टोकं करतात. ती अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, एटीपी मिळाला की सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते यामुळेच: एटीपी संपतो आणि धरलेलं सुटत नाही.

हे केव्हा सुरू व्हायचं ते कॅल्शियम ठरवतं. मज्जातंतूचा संदेश आला की पेशीतल्या साठ्यातून ते बाहेर पडतं. त्याला ओळखणारं ट्रोपोनिन हे प्रथिन जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960च्या दशकात शोधलं.

तरीही एक गोष्ट या चित्रात नीट बसत नव्हती. जिना उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि तेव्हा ते अधिक ताकद देतात तेही कमी एटीपी खर्चून. केवळ जाड-बारीक तंतूंच्या हिशेबात हे पूर्ण उलगडेना. 1970च्या दशकात टायटिन नावाचं तिसरं, अवाढव्य प्रथिन सापडलं. ते जाड तंतूंना दोन्ही बाजूंनी स्प्रिंगसारखं धरून ठेवतं. ताणलेल्या स्नायूच्या त्या जादा ताकदीत त्याचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहेत.