लाखेच्या तबकड्या : वेंगुर्ल्यातल्या एका दुकानामागची हकीकत

मामांच्या घराचा माळा उतरवताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत जुन्या पातळात गुंडाळलेल्या सतरा रेकॉर्ड होत्या. वरच्या रेकॉर्डवर बुरशीचा पांढरा थर चढला होता, म्हणून मी कापूस स्पिरिटात बुडवून ती पुसली. कापूस काळा झाला. मळ निघतोय असं समजून पुन्हा पुसली, तर चकाकी गेली आणि रेघाही बुजल्या. खिडकीची चौकट दुरुस्त करायला आलेले सुतारकाका बघत होते. ते म्हणाले, "अरे, लाखेचां असा तां, स्पिरिट कित्याक लावलंस?"

सुतारांना हे ठाऊक असणारच. लाखदाणा स्पिरिटात विरघळवूनच ते पॉलिश करतात. मी मात्र मळ समजून रेकॉर्डच पुसून काढत होतो. त्या दिवसापासून या तबकड्यांचा माग काढतो आहे, आणि आता मी व माझा मामेभाऊ मिळून मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डचं ऑनलाइन दुकान सुरू करतो आहोत. ग्राहकाला ज्या ज्या गोष्टी समजावून सांगाव्या लागणार आहेत, त्या बहुतेक सगळ्या या लाखेपाशीच येऊन थांबतात.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. पुढे तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या आणि ती लाख मुख्यतः भारतातून जाई. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जगणारा एक किडा ती तयार करतो, आणि छोटा नागपूरचा जंगलपट्टा हे तिचं मोठं आगर. मिश्रणात लाख पाव ते तिसरा हिस्सा, बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू. दगडाच्या भुकटीमुळे पोलादी पिन झिजून खाचेच्या आकाराची होई. प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची ती त्यामुळेच. जुन्याच पिनेवर चार-चार गाणी ऐकलेल्या रेकॉर्डची खाच करडी पडते. आमच्या सतरांपैकी पाच तशा आहेत, आणि त्या करड्या पट्ट्याचा जवळून काढलेला फोटो टाकल्याशिवाय आम्ही त्या विकणार नाही.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि नोव्हेंबरमध्ये गायिका गौहर जान यांनी मुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायलं. ती ध्वनिमुद्रणं जर्मनीत हानोव्हरला गेली आणि तिथून तबकड्या होऊन परत आली. म्हणजे लाख इथली, गळा इथला, आणि मधे दोन समुद्रप्रवास. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा फेरा संपला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल गवयांना तेवढ्यात बसवावा लागला. काहींना ते जाचलं, पण मला त्यातली शिस्त फार आवडते : एकही तान फुकट जात नाही. मराठी भावगीताची घडणही या साडेतीन मिनिटांच्या चौकटीतच झाली, असं मला ठामपणे वाटतं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं, कर्ण्याऐवजी माइक आला. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणं आणि १९३० नंतरची मुद्रणं लागोपाठ ऐकली की हा बदल सांगावा लागत नाही. पहिल्यांत गळा भिंतीपलीकडून येतो, नंतरच्यांत तो खोलीतच असतो.

या तबकड्या कोकणात आल्या त्या चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. मुंबईहून आगबोट निघे ती रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला आणि पुढे पणजीला जाई. बोट खोल पाण्यात उभी राही, माणसं आणि सामान पडावातून किनाऱ्याला येई. हेलकावणाऱ्या पडावात कोणीतरी ही काचेसारखी ठिसूळ चवड मांडीवर धरून बसलं असणार, हे मनात आलं की आजच्या पार्सलाची काळजी थोडी हलकी होते. शिवाय आपल्याकडे बऱ्याच गावांत वीज स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. चावीच्या फोनोला वीज लागत नाही. एकदा चावी दिली की ओटीवर अख्खी वाडी ऐकायला बसे.

आणि गळेही या पट्ट्यातलेच. गोव्यातले मास्टर दीनानाथ मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. सगळे वेंगुर्ल्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावरचे. केसरबाईंचं एक मुद्रण १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं. त्यांच्याच ७८ च्या रेकॉर्ड इथल्या माळ्यांवर बुरशी खाते आहे. भंगारवालाही त्या नेत नाही, कारण त्या धड धातू नाहीत की प्लास्टिक नाहीत. घर पाडलं की चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात जातात. दुकान काढायचं ठरलं ते ह्याच्यासाठी.

बाहेर १९४८ साली व्हिनाइल या प्लास्टिकची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली आणि लाख मागे पडत गेली. आपल्याकडे मात्र ती बराच काळ टिकली, अगदी बीटल्सची गाणीसुद्धा १९६० नंतर इथे ७८ वर निघाली. व्हिनाइलची खाच बारीक असते, सुमारे २५ मायक्रॉनच्या सुईची. ७८ ला जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. आज मिळणाऱ्या पुष्कळ टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, ७८ चा वेगच नसतो. म्हणून ऑर्डर घेण्याआधी आम्ही विचारणार : तुमच्या यंत्राला ७८ चा वेग आहे का, सुई कोणती आहे? दोन्हीचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे.

आवाजाचा नमुना ऐकवण्याचाही प्रश्न होता. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे १९६० च्या आधीच्या मुद्रणांपुरता तो संपला आहे. पण कवी आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणून दर रेकॉर्डमागे दोन्ही तारखा तपासतो. जिथे खात्री नाही तिथे नमुना नाही, नुसता फोटो.

धुलाई आता साध्या पाण्याने आणि दोन थेंब सौम्य साबणाने, मधलं लेबल कोरडं ठेवून. ठेवायच्या त्या उभ्या, आडव्या चवडीत कधीच नाही. पार्सलात रेकॉर्डपेक्षा मोठे दोन जाड पुठ्ठे, त्यांच्यामध्ये रेकॉर्ड, आणि ते सगळं दुसऱ्या खोक्यात सगळ्या बाजूंनी बोटभर जागा सोडून.

रेकॉर्ड गोळा करायच्या त्या गणपतीत. वर्षभर कुलूप असलेली घरं तेव्हाच उघडतात आणि माळ्यावर काय आहे हे सांगणारी म्हातारी माणसं तेव्हाच ओटीवर भेटतात. पावसातल्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, म्हणून पाठवणी मात्र दसऱ्यानंतर.