स्टेरॉइडने किडनी खराब होते? उलट आहे हो

ल्युपसवाल्या पेशंटला कोणीतरी हमखास सांगतंच, स्टेरॉइड घेऊ नको, किडनी जाईल. अहो, किडनी खराब करतोय तो ल्युपस, म्हणजे असा आजार ज्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती किडनीच्या गाळण्यांवर हल्ला करते, मग लघवीला फेस येतो, पाय सुजतात, आणि तो हल्ला पटकन थांबवायलाच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. सुरुवातीला डोस मोठा असतो हे खरं, कधीकधी आधी तीन दिवस सलाईनमधूनही देतात, पण नंतर तो हळूहळू उतरवतात, हल्ली साधारण सहा महिन्यांत रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीवर आणायचा प्रयत्न असतो, सोबत मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन वगैरे ल्युपसची दुसरी औषधं चालूच.

साइड इफेक्ट नाहीत असं अजिबात नाही, चेहरा सुजतो, शुगर-बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, इन्फेक्शन पटकन होतं, म्हणून तर डोस कमी करायची एवढी धडपड. पण सूज उतरली म्हणून गोळी एकदम बंद करणं हा खरा घोळ! महिनोन्‌महिने स्टेरॉइड बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं जवळजवळ सोडून देतं, त्यामुळे अचानक थांबवलं की बीपी पडून जिवावर बेतू शकतं, आणि ल्युपस परत उसळतो तो वेगळाच.