'उघड्यावर आहे, मग फोटो काढला तर काय झालं?' झालं ना भाऊ
उनपदेवला, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अडावदजवळ, गोमुखातून गरम पाणी पडतं आणि लोक उघड्यावर अंघोळ करतात, तिथं परवा पुन्हा तेच ऐकलं, 'पब्लिक जागा आहे, कोणीही फोटो काढू शकतो.' मोबाईलला कॅमेरा आला तेव्हापासून हे वाक्य फिरतंय आणि ते अर्धवट आहे.

आयटी कायद्याचं कलम ६६-ई बघा, कोणाच्याही खासगी अंगाचा फोटो संमतीशिवाय मुद्दाम काढला किंवा पुढे पाठवला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि जागा पब्लिक की खासगी याने फरक पडत नाही असं त्यातच लिहिलंय, फक्त इथं आपल्याला आडोसा आहे असं त्या माणसाला वाटायला काही कारण हवं. म्हणजे दोघी जणी लुगडं धरून उभ्या आणि मागे तिसरी ओलं बदलतेय, तर तो लुगड्याचा आडोसा पुरे.

बाई असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ पण लागू शकतं, पहिल्याच वेळी दोषी ठरला की किमान १ वर्ष. आणि 'तिनेच काढू दिला' म्हणून सुटका नाही, काढायला हो म्हटलं म्हणजे ग्रुपवर टाकायला हो नसतं.

जर्मनीत एफकेके बीचवर लोक चक्क नागडे पोहतात, तिथंही न विचारता कॅमेरा काढणं म्हणजे निव्वळ असभ्यपणा समजतात (कपडे नाहीत पण शिस्त आहे!).

आता सगळ्यांसमोर चड्डीवर बसलेल्या गड्याला ही कलमं बहुतेक नाही लागणार. तरी माझ्या सेल्फीत मागे एक आजोबा पाठ चोळत होते, मी सरळ कोन बदलला.