रंगकाम काढण्याआधी खिडकी उघडा
(आमच्या गिऱ्हाइकांसाठी हिवाळी माहितीपत्रक)

नोव्हेंबर सरत आला की आमच्या दुकानात एकच मागणी वाढते. "घरात दिवसाबी अंधार वाटायलाय, जरा मोठी ट्यूब द्या." ट्यूब आहे, देऊ. रंग, काच आणि लाइटचं सामान विकणं हाच आमचा धंदा. पण लातूर आणि आसपासच्या तालुक्यांतली घरं आतून बघत आल्यावर आमचं मत असं झालंय, की बहुतेक घरांत उजेड येऊन दारातच थांबलेला असतो. त्याला आत घ्यायची पहिली कामं फुकटात होतात. त्यामुळे या पत्रकात आमच्याकडून घ्यायच्या वस्तू मागे ठेवल्यात आणि झाडू, फडकं, कपाट सरकवणं हे पुढे घेतलंय.

थंडीत ऊन कुठून येतं

आपल्याकडचा हिवाळा काही बर्फाचा नाही. 21-22 डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही लातुरात सुमारे 11 तासांचा दिवस असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांपर्यंत जातो. म्हणजे फरक आहे तो दोन-सव्वादोन तासांचा. तरी अंधार जाणवतो, कारण थंडीला भिऊन आपण दारं-खिडक्या लावून घेतो, पडदे जाड करतो आणि सकाळी कामाला जाणारा माणूस घरी परततो तेव्हा दिवस मावळलेला असतो. आणखी एक गंमत. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो हे खरं, पण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सातच्या सुमारास. वाढलेला वेळ संध्याकाळच्या पदरात पडतो. म्हणून संक्रांत झाली तरी शाळेला निघालेल्या पोरांना सकाळ काळोखीच वाटते.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरात सूर्य नेमका पूर्वेला न उगवता बराच दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच जातो. भर दुपारीही तो डोक्यावर येत नाही, 48 अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे दक्षिणेची खिडकी थंडीत सोन्यासारखी. जमिनीपासून 3 फुटांवर सुरू होऊन 7 फुटांपर्यंत जाणारी साधी खिडकी धरा. दुपारी साडेबाराच्या आसपास तिच्यातून ऊन 6 फूट आत येतं. वर 2 फुटांचा छज्जा असला तरी 4 फुटांपर्यंत पोचतं. आणि उन्हाळ्यात? मेच्या दुसऱ्या आठवड्यात लातुरात सूर्य बरोबर माथ्यावर असतो, तेव्हा याच खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. थंडीत ऊन देणारी आणि मे महिन्यात न भाजणारी एवढी सोयीची दुसरी बाजू घराला नाही. पश्चिमेच्या खिडकीचं याच्या उलट असतं, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना सांगायला नको.

तरीही घराघरांत दक्षिणेच्या खिडकीला कपाट टेकलेलं दिसतं. कुणी वास्तुशास्त्रामुळे, कुणी नुसती सवय म्हणून. शास्त्राचं तुमचं तुम्ही बघा, त्यात आम्ही पडत नाही. पण कपाट हलवायला खर्च नाही. संक्रांतीपर्यंत हलवून बघा, पटलं नाही तर परत ठेवा.

खिडकी सकाळी नऊच्या पुढे उघडावी आणि साडेचार-पाचला लावून घ्यावी, म्हणजे भिंतींनी घेतलेली ऊब रात्री घरातच राहते. जाड दगडी भिंतीच्या घरात हे चांगलंच जाणवतं. काच आतून-बाहेरून पुसा. सोयाबीनच्या मळणीचा धुरळा ऑक्टोबरात बसतो, त्यावर तुरीचा बसायच्या आत एकदा काच धुवून निघाली पाहिजे. डासांची जाळी काढून साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवा. मळलेली जाळी किती उजेड खाते ते धुतल्यावरच कळतं. गोधड्या, वाकळा उन्हात टाकायच्या असतील त्याच दिवशी खोली रिकामी करून हे सगळं उरकावं.

एक सूचना इथेच देतो, कारण ती महत्त्वाची आहे. रात्री कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात विस्तव ठेवून खोली गच्च लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

दिवाळीपेक्षा पौष बरा

हे ऐकून पुष्कळ जण भुवया उंचावतात. रंग म्हणजे दिवाळीआधी, हे ठरलेलं. पण मराठवाड्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. भिंतीत ओल असताना घाईघाईने रंग मारला की तो दिवाळीत झकास दिसतो आणि होळीपर्यंत पापुद्रे सोडायला लागतो. मग दोष रंगाला. डिसेंबर-जानेवारीपर्यंत भिंती खडखडीत वाळलेल्या असतात, हवा कोरडी असते, रंग धरतो. शिवाय पौषात लोक नवं काम काढत नाहीत, त्यामुळे चांगले कारागीर मोकळे असतात. यात आमचा स्वार्थ आहेच, मोकळा महिना भरून निघतो. पण भिंतीचाही फायदा आहे.

फक्त वेळ पाळावी लागते. पाण्यात कालवायचे रंग 10 अंशांच्या खाली नीट धरत नाहीत, आणि थंडीच्या लाटेत आपल्याकडे पहाटेचा पारा तिथपर्यंत उतरतो. म्हणून आमचे लोक सकाळी दहाच्या आधी ब्रश हातात घेत नाहीत आणि चारनंतर नवा हात मारत नाहीत. त्याला आळस समजू नका. येळवसेलाही (मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येलाही) कामावर कुणी येणार नाही. त्या दिवशी आमचे सगळे कारागीर आपापल्या शेतात भज्जी-आंबिलीच्या पंगतीत असतात आणि तुम्हीही असालच.

रंग कोणता घ्यावा? शेडकार्डवर बहुतेक कंपन्या एलआरव्ही नावाचा आकडा देतात. पडलेल्या उजेडापैकी भिंत शंभरात किती परत फेकते, ते तो सांगतो. स्वच्छ पांढऱ्याचा आकडा 80 च्या वर, गडद हिरव्या-निळ्याचा दहा-पंधरापर्यंतही खाली. आपल्याकडे भिंतीला खालून चार फूट गडद ऑइलपेंटचा पट्टा मारायची रीत आहे, पोरांच्या हाताचे डाग दिसू नयेत म्हणून. डाग दिसत नाहीत, पण खोलीतला खालचा सगळा उजेड तो पट्टा गिळतो. पट्टा ठेवायचाच असेल तर फिका ठेवा, ऑइलपेंट फिका असला तरी पुसता येतो. पैसे एकाच ठिकाणी घालायची ऐपत असेल तर छताला घाला. बाहेरचं ऊन फरशीवर पडून छताकडे उसळतं आणि तिथून खोलीभर पसरतं. चुलीच्या, उदबत्तीच्या धुराने तपकिरी झालेलं छत तुम्हाला रोज दिसतं म्हणूनच दिसेनासं होतं.

आणि सगळ्यांत स्वस्त चुनाच. त्याला कमी लेखू नये. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, नीळ चिमूटभर घालावी. जास्त नीळ घातली की भिंत निळसर होऊन उजेड मारते. चुन्याची गोष्ट पाण्याच्या रंगांपेक्षा वेगळी: भिंत आधी पाण्याने ओली करायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. थंडीच्या कोरड्या हवेत तो झटकन वाळला की महिनाभर पाठीला पांढरं लागत राहतं. चुना भिजवताना तो उकळतो. लहान मुलं लांब ठेवा, डोळ्यांत उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. पुढे कधी चुन्यावर प्लास्टिक पेंट मारायचा झाला तर आधीचा चुना खरवडूनच काढावा लागेल, त्याची मजुरी आत्ताच मनात धरा.

माळवद, पत्रा आणि मधली खोली

जुन्या माळवदाच्या (लाकूड-मातीच्या जड सपाट छताच्या) घरांत धूर जायला आणि उजेड यायला छतात साणं ठेवलेलं असायचं. पुष्कळांनी ते पावसाच्या भीतीने फरशी टाकून बंद केलंय. भोवतीचं बांधकाम चांगलं असेल तर तिथे उंच कडा करून वरून काच बसवता येते, पाणी येत नाही. मात्र दगड-मातीच्या जुन्या भिंतीत नवी खिडकी फोडायची असेल तर ते काम आम्ही घेत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं माणसांवर आली. माळवदाचं सगळं ओझं ज्या भिंतीवर आहे तिला भोक पाडायचं की नाही, हे इंजिनिअरने बघून सांगावं. आम्ही रंगवाले.

पत्र्याच्या घराला मधे एखादा पारदर्शक पत्रा टाकला की दिवसा बल्ब लागत नाही. तो उत्तरेकडच्या उताराला टाकावा. दक्षिणेच्या उताराला टाकला तर आत्ता छान वाटेल, पण मार्चपासून त्याच्याखाली बसवणार नाही. एका खोलीला एक पत्रा पुरतो. स्क्रूखाली रबरी वॉशर हवाच, नाहीतर जूनमध्ये आम्हाला फोन येतो.

दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती असलेल्या लांबट घरात मधली खोली अंधारी राहणारच. तिच्या दाराच्या वरच्या भागात काच बसवणं, भिंत-छत पांढरं करणं, दारासमोर मोठा आरसा लावणं, एवढंच हातात असतं. आरशाने उजेड तयार होत नाही, आलेला फिरतो. दारातून येतच नसेल तर आरशावर पैसे घालू नका.

शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्या

हे घरमालकांसाठी. लातुरात नीटच्या तयारीला येणारी मुलं-मुली वर्ष-दोन वर्षं ज्या खोल्यांत काढतात, त्यांतल्या काही आम्ही रंगवल्या आहेत. एका हॉलचे प्लायवूड टाकून तीन भाग केलेले, खिडकी एकाच्या वाट्याला, बाकी दोघांना दिवसरात्र ट्यूब. पोरगं बारा तास तिथे बसतं. प्लायवूड छतापर्यंत नेऊ नका. वरचे दोन फूट मोकळे ठेवा किंवा काच घाला, म्हणजे खिडकीचा उजेड तिघांना मिळतो. प्लायवूडलाही पांढरा रंग द्या, लाकडी सनमायका नको. टेबल खिडकीकडे तोंड करून न लावता खिडकीला बाजू देऊन लावावं, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या अंगाला खिडकी यावी, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. आणि पोरांनो, गच्चीची किल्ली मागून घ्या.

आता बल्ब

वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो. उजेड किती देतो ते ल्यूमेनमध्ये छापलेलं असतं, ते वाचा. चांगला 9 वॅटचा एलईडी 800-900 ल्यूमेन देतो, जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी नाही. 6500 के लिहिलेला पांढराशुभ्र, 3000 के पिवळसर. स्वयंपाकघर आणि अभ्यासाला पांढरा, निजायच्या खोलीत पिवळसर. रात्री उशिरापर्यंत पांढऱ्या झगझगाटात बसलं की झोप लांबते. रब्बीत रात्री मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं, म्हणून डब्यावर व्होल्टेजची मर्यादा किती रुंद आहे ते बघून घ्या, आणि आयएस 16102 (एलईडी बल्बचं भारतीय मानक) चा शिक्का असेल तोच घ्या. जुन्या ट्यूबवरची धूळ पुसून आधी बघा, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

मन मलूल असेल तर

काही गिऱ्हाइकं मोबाइलवर बघून "उदासीवरचा दिवा" विचारतात. थंडीत येणाऱ्या उदासीचा असा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि उत्तरेकडच्या थंड देशांत त्यावर सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे अंगावर पडणाऱ्या उजेडाचं माप) दिव्यासमोर बसवतात. तो दिवा आम्ही ठेवत नाही. लातुरात डिसेंबरात सकाळी नऊला अंगणात त्याच्या कितीतरी पट उजेड फुकट असतो. चहाचा कप घेऊन अर्धा तास बाहेर बसा. बंद काचेआड ऊब मिळते, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते, म्हणून अंगणातच बसा. दोन आठवडे झाले तरी कशात मन लागत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर रंगाने किंवा दिव्याने ते जाणार नाही. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

दुकानात येताना

खोलीचे दोन फोटो आणा, लाइट बंद ठेवून काढलेले, एक सकाळी दहाचा आणि एक दुपारी दोनचा. लांबी-रुंदी-उंची फुटांत, आणि दक्षिण कोणत्या बाजूला ते कागदावर बाण काढून. आधीचा रंग चुना आहे की डिस्टेंपर हे माहीत नसेल तर ओलं बोट भिंतीवर घासा आणि बोटाचाही फोटो काढा. जाळी-काच धुवून, कपाट हलवून आठ दिवस झाले असतील तरच रंगाचा हिशेब करू. भिंतीला ओल असेल तर तिचं मूळ सापडेपर्यंत रंग देणार नाही, कितीही आग्रह केला तरी. कामाची तारीख ठरवताना निम्मी रक्कम आगाऊ घेतो, त्याची पावती मिळते. उरलेले सीलबंद डबे परत घेतो, पण मशिनवर मिसळून दिलेला रंग परत घेता येत नाही.