चौदा हातांचा भाला

आंबे उतरवायचा लांब झेला ज्याने हाताळला आहे, त्याला ग्रीसच्या उत्तरेकडील मॅसिडोनिया या प्राचीन राज्याच्या पायदळाची अडचण चटकन कळेल. झेला उभा धरला की हलका वाटतो. तोच आडवा केला की टोक जमिनीकडे ओढ घेते आणि मनगटे भरून येतात. इसवी सन पूर्व 359 मध्ये सत्तेवर आलेल्या तिथल्या दुसऱ्या फिलिप राजाच्या सैनिकांनी ‘सारिसा’ हा असाच लांबलचक भाला दोन्ही हातांनी आडवा पेलून लढाया जिंकल्या.

वनस्पतींचा प्राचीन ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस कॉर्नेल या झाडाची उंची सांगताना सर्वांत लांब सारिसेचेच माप देतो: 12 हात, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. हा ग्रीक हातही आपल्यासारखाच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा. कॉर्नेलचे लाकूड इतके घट्ट आणि चिवट असते, की ग्रीक भाषेत ‘क्रानेइया’ हा एकच शब्द त्या झाडालाही लागतो आणि त्याच्या भाल्यालाही. ॲश वृक्षाच्या ‘मेलिया’ या नावाचीही तीच गोष्ट आहे.

लाकूड चिवट असले तरी लांबीची किंमत मोजावीच लागते. एका टोकाला घट्ट पकडलेला दांडा जाडी तीच ठेवून दुप्पट लांब केला, तर त्याचे मोकळे टोक स्वतःच्याच वजनाने सोळा पट अधिक झुकते. त्यात पात्याचे वजन वेगळे. ग्रीसमधील व्हर्जिना येथे पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना उत्खननात सुमारे 51 सेंटिमीटर लांबीचे, सव्वा किलोचे लोखंडी पाते, दांड्याच्या बुडाला बसवायचा साधारण एक किलोचा अणकुचीदार भाग आणि शंभर ग्रॅमच्या आतले एक लहान पातेही मिळाले. यांतले सारिसेचे पाते कोणते? पुढच्या हातापासून पाते 4 मीटरवर आणि बूड 1 मीटरवर आहे असे धरले, तर मोठे पाते तोलण्यासाठी मागे 5 किलो वजन हवे. लहान पात्याला 400 ग्रॅम पुरतात. म्हणूनच लहान पाते सारिसेचे मानणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे मला पटते.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या काळी सारिसा 14 हातांची झाली होती. त्यांपैकी 4 हात पकडीत आणि मागे तोलासाठी जात, 10 हात पुढे राहत. ओळींत दोन-दोन हातांचे अंतर असल्याने मागच्या ओळींची टोके पहिल्या सैनिकाच्या पुढे अनुक्रमे 8, 6, 4 आणि 2 हात येत. समोरचे रोमन सैनिक मोकळ्या अंतराने उभे राहत; एक रोमन दोन मॅसिडोनियनांएवढी जागा घेई. त्यामुळे एकेका रोमनासमोर दहा टोके असत, असा पॉलिबियसचा हिशेब आहे. मॅसिडोनियनांच्या पाचव्या ओळीमागच्या ओळी भाले तिरके वर धरून येणारे बाण अडवत. ही रचना सपाट जमिनीवरच टिके.

इसवी सन पूर्व 197 मध्ये ग्रीसमधील किनोस्केफालाईच्या डोंगराळ भूमीवर रोमनांशी लढताना ती मोडली, तेव्हा मॅसिडोनियनांनी सारिसा उभ्या केल्या. त्यांच्यात ती शरणागतीची खूण होती. रोमन सेनापती फ्लामिनिनस याला तिचा अर्थ सांगण्यात आला आणि तो त्यांना सोडूनही देणार होता; पण तोवर त्याचे काही सैनिक उतारावरून त्यांच्यावर तुटून पडले होते.